नाखव्याच्या छातीतली डबी

पनवेलमध्ये मला नावाने हाक मारणारी माणसं मोजकीच. बाकी सगळ्यांची मी नरसबाई. बाजारात वांगी निवडत उभी असले तरी शेजारची बाई पदर सरकवून दंडावरचं गळू दाखवायची. लग्नाच्या पंगतीत वाढणारा माणूस माझ्या पानात जिलबी टाकता टाकता विचारायचा, "नरसबाई, आईची इंजेक्शनं अजून किती राहिली?" नोकरीतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण हे काही थांबलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर थांबावं असं मलाही वाटत नाही.

मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात शिकून मी लग्नानंतर पनवेलला आले आणि बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यात कामाला लागले. दोन खोल्या, बाहेर एक लांब बाक, आत डॉक्टर. डॉक्टर अबोल होते. रोग्याशी बोलायचं काम त्यांनी न सांगताच माझ्याकडे सोपवलं होतं. आगरी, कोळी, मिठागरांवर राबणारी, बाजारातली, सगळ्या प्रकारची माणसं यायची. सुई टोचल्याशिवाय बरंच वाटत नाही म्हणणारी, आणि सुई दिसली की बाकाखाली शिरणारीही. त्या सगळ्यांबद्दल लिहायचं तर अख्खा दिवाळी अंक लागेल. म्हणून एकाच माणसाबद्दल लिहिते. हिराजी नाखव्याबद्दल. साठ आणि सत्तर सालांच्या मधली ही गोष्ट. इतके रोगी हाताखालून गेले, पण ज्याच्या घरी पुन्हा एकदा जाऊन बसावं असं आजही वाटतं तो हा.

हिराजी कोळीवाड्यातला. स्वतःची होडी होती, म्हणून नाखवा. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने रापलेला. तो पहिल्यांदा दवाखान्यात आला तो रोगी म्हणून नव्हे. त्याच्या बायकोच्या, मथुराबाईच्या बोटात शिंगाळा माशाचा काटा मोडला होता आणि बोट टरारून सुजलं होतं. मी ते बोट साफ करत होते, हिराजी बाकावर बसून, "जोरान दाब बाई, ती रडनारी नाय," असा मला धीर देत होता. बोलता बोलता त्याचा आवाज थांबला. मागे वळून पाहते तो हा बाकावरून घसरून जमिनीवर पडलेला, चेहरा राखेसारखा.

मी मनगट धरलं. नाडी लागेना. गळ्याशी बोटं लावली, तिथेही काही नाही. मी डॉक्टरांना हाक मारेपर्यंत बोटाखाली एक ठोका आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. हळूहळू तोंडावर रंग परतला, हिराजीने डोळे उघडले आणि विचारलं, "काय? बोट बांधलंव का तिचा?"

मथुराबाईला याचं नवल वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "असाच पडतंय तो. फेफरा हाय. कांदा लावतो नाकाला, मंग उठतंय."

ते फेफरं नव्हतं. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मिनिटाला तीस ठोकेही भरत नव्हते. एरवी अबोल असलेले डॉक्टर त्या दिवशी खुर्ची ओढून हिराजीच्या समोर बसले.

"हिराजी, होडीत तू सुकाणूवर असतोस. तू हाक दिलीस की पुढचे खलाशी वल्हं मारतात. बरोबर?"

"हां."

"तुझ्या काळजात वरून हाक येते, पण ती खालच्या खलाशांना ऐकूच जात नाही. ते आपल्या मनाने कधीतरी एखादं वल्हं मारतात. मधे थांबले की तू पडतोस. एक दिवस ते मारायचेच विसरतील."

यावर उपाय निघाला आहे, असं ते म्हणाले. परदेशातून एक डबी येते. ती छातीत कातडीखाली बसवतात, तिची तार शिरेतून काळजापर्यंत सोडतात आणि मग ती डबी हाक देत राहते. मुंबईत नुकतंच हे करू लागले होते. मी हॉस्पिटल सोडलं तेव्हा असलं काही ऐकलंही नव्हतं.

हिराजीने हसून मान हलवली. "नको डाक्टर. दर्यान मेलो तर घरानच मेलो आसं समजायचा."

मथुराबाई बांधलेलं बोट धरून कोपऱ्यात उभी होती. ती तिथूनच बोलली, "आनि मी? त्या घरान मी कुठं हाय?"

हिराजीने बायकोकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. दोन दिवसांनी तो मुंबईला गेला.

परत आला तो टॅक्सीतून, ठाण्याला वळसा घालून येणाऱ्या लांबच्या रस्त्याने. आयुष्यभर पाण्यावरून मुंबईला गेलेला माणूस पहिल्यांदाच डांबरावरून घरी आला, आणि त्याबद्दल तो रस्त्याला शिव्या देत होता. मुंबईच्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं होतं, आणि रोज घरी जाऊन पाहायचं काम माझ्याकडे आलं.

आताच्या डब्या लहान आणि हुशार असतात म्हणे. रोगी पळाला की त्या ठोके वाढवतात, झोपला की कमी करतात. ज्यांच्या घरी आज असा रोगी असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं, माझ्या आठवणींचं नव्हे. आमच्या वेळची डबी साबणाच्या वडीएवढी. हिराजीच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली ती कातडी ताणून अशी बसली होती की सदऱ्यावरूनही कळायची. आणि तिला एकच ताल ठाऊक. माणूस झोपलेला असो, जिना चढत असो, भांडत असो, ठोके तेवढेच. त्यामुळे चार पावलं भरभर चाललं की हिराजीला धाप लागायची. तो म्हणायचा, "समिंद्राला भरती हाय, व्होटी हाय. हिला काय नाय. नुसती आपली चाललीय, चाललीय."

मी घरच्यांना सांगायची ते साधंच होतं. जखमेला पाणी लावायचं नाही. हळद, तेल, भगताचा अंगारा, काहीच चोपडायचं नाही. जखम लाल झाली, गरम लागली, ओलसर दिसली की त्याच दिवशी कळवायचं. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कारण नवी तार आत नीट रुजायला वेळ लागतो, ती सरकली की सगळं फुकट. जड उचलायचं नाही. डबीवर धक्का बसू द्यायचा नाही. चक्कर आली, उचकी लागून थांबेना, पाय सुजले, तर वाट पाहायची नाही. आणि रोज सकाळी उठल्यावर, खाटेवरून उतरायच्या आधी, नाडी पाहायची. डबी आपला ताल बदलत नाही, म्हणूनच तो बदललेला दिसला की समजायचं, तिच्यातली बॅटरी संपत आली.

एवढं ऐकून घरच्यांनी काय करावं? त्यांनी हिराजीला काचेचं भांडं करून टाकलं. जखम भरली, टाके निघाले, डॉक्टरांनी हात हळूहळू हलवायला सांगितलं, तरी तो हात अंगाला चिकटवून बसायचा. खांदा आखडला. मग मीच रोज तो हात धरून पुढे-मागे करायची आणि तो मला समुद्रावरच्या शिव्या शिकवायचा. त्यातल्या काही मला आजही उपयोगी पडतात.

बघे तर सारखे यायचे. करंजा, मोरा, उरण, कुठकुठल्या गावांतून पाहुणे यायचे आणि छातीला कान लावू का विचारायचे. एकाने विचारलं, यात गाणी लागतात का? एक म्हातारा बराच वेळ डबीकडे बघत राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "यम न्यायला आला तं हा मरनार कसा? मशीन तं चालूच रानार." हिराजी म्हणाला, "मंग त्यालाबी चा पाजू, बसवून ठेऊ." सगळे हसले. मथुराबाई हसली नाही.

ती हसत नाही, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं होतं. जेवणाचं ताट ती त्याच्यापुढे ठेवायची आणि दोन पावलं मागे व्हायची. तिचं अंथरूण बाहेरच्या पडवीत गेलं होतं. तो काही मागायला लागला तर ती सुनेला पाठवायची. पस्तीस वर्षांचा संसार, दोघांची भांडणं कोळीवाड्यात प्रसिद्ध, आणि आता घरात भांडणाचा आवाजही नव्हता. हिराजी एकदा मला हळूच म्हणाला, "बाई, ती रागावली का माज्यावर?"

मी तिला मागच्या दारी गाठलं. ती सुकत घातलेले बोंबील उलटेपालटे करत होती.

"मथुराबाई, त्यांच्याजवळ का जात नाही तुम्ही?"

तिने आणखी चार बोंबील उलटले. मग म्हणाली, "बाई, वीज हाय ना त्यान?"

"आहे. अगदी थोडी."

"मना यकदा बरफाच्या कारखान्यान झटका बसला व्हता. भिताडावर जाऊन आपटले मी." तिने हात पुसले. "माजं काय नाय गो. मी मेले तं मेले. पन मी हात लावला आनि त्याचीच वीज माज्या आंगान आली, तं? तो बंद परल ना?"

दोन महिने ती या भीतीने पडवीत झोपत होती. तिने कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणाला सुचलंही नव्हतं की तिला सांगायला हवं.

मी तिला हाताला धरून आत नेलं. हिराजी खाटेवर बसला होता. मी त्याचं मनगट माझ्या हातात घेतलं, तिची तीन बोटं धरून त्यावर ठेवली आणि वरून माझी बोटं दाबली. ती अंग चोरून उभी होती, डोळे गच्च मिटलेले. मग तिने एक डोळा उघडला.

"लागतंय," ती म्हणाली.

"लागणारच. जिता हाय ना मी अजून," हिराजी म्हणाला.

"गप बस. मना आयकू दे." आणि ती त्याच्या शेजारी खाटेवर बसली. मी माझी बोटं काढून घेतली तरी तिने तिची काढली नाहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला हात सोडावा लागला असता.

त्या दिवसापासून नाडी पाहायचं काम मथुराबाईचं झालं. तिला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं, आणि घरात घड्याळही नव्हतं. मग तिनेच तोड काढली. ती लग्नांत धवले म्हणायला जायची. धवला म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नात बायका म्हणतात ते गाणं. एक धवला असा होता की त्याची चाल आणि डबीची चाल अगदी जुळायची. रोज सकाळी नाडीवर बोटं ठेवून ती तो गुणगुणायची. गाणं आणि नाडी बरोबर चालली की नाखवा ठीक. मी घड्याळ लावून पाहिलं, तिचं खरंच जुळत होतं. तरीही दर आठवड्याला मी घड्याळाने मोजायचीच, आणि तिने तसं वाईट वाटून घेतलं नाही.

शरीर सुधारत गेलं तसा दुसराच आजार वर आला. हिराजीला समुद्र हवा होता.

तो आजारी असताना मुलाने, काशिनाथने, होडीला इंजिन बसवलं होतं. सगळेच बसवत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालत्या इंजिनाजवळ जायचं नाही, जाळं ओढायचं नाही, दोरखंड ओढायचा नाही, आणि जिथून लवकर दवाखान्यात पोहोचता येणार नाही अशा ठिकाणी जायचंच नाही. इंजिनाने डबीला खरंच किती अपाय होतो, हे त्या काळी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून धोका नको. म्हणजे स्वतःच्या होडीतच त्याला जागा उरली नव्हती.

मी रोज गेले की त्याचा एकच प्रश्न. "कवा?"

"बघू," मी म्हणायची.

तो खाडीकडच्या खिडकीत बसून राहायचा. पूर्वी वल्ह्याच्या आवाजावरून कुणाची होडी आली ते त्याला कळायचं. आता इंजिनाच्या आवाजावरून ओळखायला शिकत होता आणि चुकत होता. मला म्हणायचा, "बाई, तुमच्या आंगाला दवापान्याचा वास येतंय. माज्या आंगाला कसला येतंय?" मी म्हणाले, साबणाचा. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मी विनोद केला होता, पण त्याला तो लागला.

एकदा सकाळी मथुराबाई धापा टाकत दवाखान्यात आली. "नाखवा नाय घरान! काशिनाथ बाजारान गेला, मी पानी भराला, आनि हा नाय!"

डॉक्टरांनी मानेनेच जा म्हणून खूण केली. आम्ही दोघी बंदराकडे धावलो. माझ्या मनात नको नको ते येत होतं. कुणाच्या तरी होडीत बसून हा निघून गेला असेल, बाहेर कुठे पडला असेल, पाण्यात असेल. धक्क्यावर पोहोचलो तर ओहोटी होती. खाडीचं पाणी पार मधे गेलेलं, दोन्हीकडे काळा, चमकणारा चिखल, आणि त्या चिखलात कलंडलेली काशिनाथची होडी. त्या होडीत, मागच्या बाजूला, सुकाणूवर उजवा हात ठेवून हिराजी बसला होता. डावा हात शहाण्या मुलासारखा मांडीवर. इंजिन बंद. समोर पाहत होता, जणू होडी चालली आहे.

मथुराबाईने तिथूनच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. तो शांतपणे म्हणाला, "क्याला वरडतंस? होरी चिखलान हाय. चिखलान बसायला कंच्या डाक्टरची मनाई हाय, बाई, तुमीच सांगा."

मला रागवायचं होतं. ते राहूनच गेलं. मी चपला हातात घेतल्या, लुगडं वर खोचलं, चिखलातून होडीपर्यंत गेले आणि त्याच्या शेजारी बसून नाडी पाहिली. नाडी जशीच्या तशी होती. तो म्हणाला, "बगा. मी इतका खुशीन हाय, आनि हिला काय पत्ताच नाय."

मथुराबाईही मागोमाग होडीत चढली आणि आम्ही तिघं थोडा वेळ तिथेच बसलो. पाणी वळून होडीच्या बुडाशी यायला लागलं तेव्हा तो आपणहून उतरला.

वर्षभर बरं गेलं, त्याहूनही अधिक. मग एक दिवस मी नेहमीसारखी गेले तर मथुराबाई दारातच उभी होती. आवाज खाली करून म्हणाली, "बाई, गाना फुडं जातंय. नाडी मागं रातेय. काल मना वाटलं मीच चुकले. आज परत तसाच झाला."

मी घड्याळ लावून मोजलं. पुन्हा मोजलं. ठोके कमी झाले होते. हिराजीला अजून चक्कर नव्हती, त्याला काहीच जाणवत नव्हतं, तो विचारत होता की दोघींचे चेहरे असे का झाले. डॉक्टरांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. फोन लागायला जो वेळ गेला तेवढ्यात मी गादी, पाणी, कपडे टॅक्सीत टाकले. काशिनाथ म्हणत होता, मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने नेऊ, लवकर पोहोचू. पण लाँचला इंजिन, आणि भर खाडीत याला काही झालं तर मी एकटी काय करणार? डॉक्टर म्हणाले, रस्त्यानेच जा.

ती वाट मी विसरणार नाही. हिराजी मागच्या सीटवर आडवा, डोकं मथुराबाईच्या मांडीवर. तिची बोटं सगळा वेळ त्याच्या मनगटावर. ठाण्याच्या अलीकडे त्याला पहिली चक्कर आली. तोंडावरचा रंग उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या गालावर थापट्या मारत, नाव घेऊन हाका मारत राहिले. तो परत आला. पुन्हा एकदा गेला, पुन्हा आला. डोळे उघडून म्हणाला, "मथुरे, तुजा हात थंड लागतंय." ती म्हणाली, "तं तू गरम कर." टॅक्सीवाला भला माणूस होता. त्याने एकदाही मागे वळून विचारलं नाही, पण गाडी मात्र अशी हाकली की खड्डा आला की हळू आणि रस्ता मिळाला की भरधाव.

आम्ही पोहोचलो. त्याच दिवशी त्याला आत घेतलं. जुनी डबी काढून नवी बसवली.

घरी सोडायच्या वेळी मोठे डॉक्टर खाटेपाशी आले, सगळ्या सूचना पुन्हा दिल्या आणि विचारलं, आणखी काही शंका? हिराजीने 'कवा?' विचारायचं सोडून दिलं होतं. मथुराबाई पुढे झाली. त्या मोठ्या डॉक्टरांपुढे मीसुद्धा हात मागे बांधून उभी राहायची.

"साहेब, इंजिन नाय अशा होरीन बसवला तं?"

"समुद्रावर?"

"नाय. खारीनच. वल्ही पोरगा मारल. हा नुसता बसल. मी सोबतीला रान. ही बाई पन येल."

मला कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "येईन."

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "जखम पूर्ण भरू द्या. दोरी, वल्हं, काही ओढायचं नाही. किनाऱ्यापासून लांब जायचं नाही. मग बसू द्या त्यांना. माणूस घरात कोंडून ठेवायला आपण हे सगळं करत नाही."

थंडीचे दिवस होते. जखम चांगली भरल्यावर, भर दुपारच्या भरतीला, काशिनाथने एका नातेवाइकाची लहान होडी मागून आणली. हिराजीला आधार देऊन बसवलं. मथुराबाई त्याच्या उजवीकडे, मी समोर. मला पोहता येत नाही हे मी कुणाला सांगितलं नाही.

खाडी काठोकाठ भरली होती. दोन्हीकडे तिवरांची झाडं गळ्यापर्यंत पाण्यात उभी. पलीकडे मिठागरांवर मिठाच्या पांढऱ्या राशी. काशिनाथ सावकाश वल्हं मारत होता आणि होडी काहीही आवाज न करता सरकत होती. मी इतकी वर्षं त्या खाडीच्या काठी राहिले, पण गावाकडे पाण्यावरून पाहिलं ते त्या दिवशीच. हिराजी मला एकेक वळण दाखवत होता. इथे वडिलांनी त्याला पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं. इथे मथुरेच्या वऱ्हाडाची होडी रुतली होती आणि लग्नाचा मुहूर्त टळला होता.

"टळला तो बरा झाला," मथुराबाई म्हणाली. "तवा मी तुना नीट बगितला. चिखलान उतरून होरी ढकलत व्हतास."

एका वळणावर खाडी रुंदावली. लांब, पुष्कळ लांब, पाणी मोकळं होत होतं आणि तिथला रंग निराळा होता. काशिनाथने वल्हं थांबवलं. यापुढे जायचं नाही असं ठरलं होतं. हिराजीने उजवा हात पाण्यात घातला, चूळभर पाणी घेतलं, तोंडाला लावलं आणि थुंकलं. म्हणाला, "तिकरं मोरा. माजी बहीन रातेय." वाऱ्याने त्याचे डोळे ओले झाले असतील. मथुराबाईने त्याचा हात हातात घेतला होता. तेव्हा ती नाडी पाहत नव्हती. मला ते कळत होतं, म्हणून मी दुसरीकडे पाहत राहिले.

परत फिरताना तो म्हणाला, "बाई, फुडच्या येलला मोऱ्यापावत जाव. तुमाला माज्या बहिनीच्या हातचा कालवन खिलवतो."

"जाऊ," मी म्हणाले.

त्यानंतर तो दर पंधरवड्याला त्या लहान होडीतून खाडीत जायचा, आणि दर वेळी मला निरोप यायचा. कधी दवाखान्यात गर्दी, कधी घरी पाहुणे, कधी मुलाची परीक्षा. मी पुन्हा कधीच गेले नाही. मोरा मी अजून पाहिलेलं नाही. मुंबईहूनही लाँचने पाऊण तासच लागतो म्हणतात. आता कुणासाठी जायचं?

हिराजी काही वर्षांनी गेला. डबीने दगा दिला नाही. काविळीने गेला, घरच्या खाटेवर, मथुराबाईच्या हातात मनगट असताना.

ती मला भेटायला येत राहिली. ताजी मासळी असली की पानात गुंडाळून आणायची, बाकावर टेकायची, डॉक्टरांसारखी अबोल झाली होती. असाच एकदा ती बसली असताना शिरढोणच्या बाजूचं एक तरुण जोडपं आलं. बायकोला मुंबईत नुकतीच डबी बसवलेली. ती बाकाच्या या टोकाला, खांदा आखडून, नवरा त्या टोकाला. मधे तिसरं माणूस आरामात बसेल एवढी जागा. मी आत जखम बांधायची तयारी करत होते. मथुराबाई त्या दोघांकडे बघत होती. मग ती उठली आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"इतका लांब का बसलास?"

तो बावरला. म्हणाला, "काय नाय, मावशी. धक्का लागंल तिला. भीती वाटते."

"माजा नवरा पन असाच होता. डबीवाला. मी पन अशीच लांब झोपलेली. दोन म्हयने." तिने पदराने तोंड पुसलं. "मंग तो कैक वर्सं जगला. मी रोज त्याचा हात धरला. पन ते दोन म्हयने ना पोरा, ते मना अजून पायजेत."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग बाकावरून सरकत सरकत बायकोच्या शेजारी आला. मी बाहेर येऊन त्या पोरीला आत बोलवणार होते. बोलावलं नाही, थोडा वेळ दारातच थांबले.